झाकली मूठ: बाओछाय आणि तिच्या वाट्याची फुलं

रात्र झालीय, अंगणाचं दार आतून लावलंय, गस्त घालणारी कारभारीण "आता झोपा बरं, जागरणं नकोत" असा डोस पाजून पुढे गेलीय, आणि तिची पाठ वळायचा अवकाश, आत सगळ्या पोरी कामाला लागल्यात. घरातल्या लाडक्या पोराचा, बाओयूचा वाढदिवस आहे, दासींनी आपापल्या पगारातून वर्गणी काढून ४० बशा खाऊ तयार करून घेतलाय, शाओशिंगच्या दारूचा एक मोठा रांजण आधीच लपवून ठेवलाय, बहिणींना हळूच बोलावणी गेलीत. मग खेळ निघतो. बांबूच्या कोरीव नळकांड्यात हस्तिदंताच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक फूल, त्या फुलाला एक पदवी, आणि खाली जुन्या कवितेतली एक ओळ. फासे टाकायचे, मोजत जायचं, ज्याच्यावर येईल त्याने पट्टी उचलायची.

पहिला नंबर लागतो शुए बाओछायचा आणि तिला निघते पिओनी, म्हणजे चीनमधली फुलांची राणी. पदवी अशी की सौंदर्यात हिच्यापुढे बाकी सगळी फुलं फिकी. आणि खालची ओळ साधारण अशी: "भावना नसली तरी मन हलवते". नियम असा की सगळ्यांनी तिच्या नावाने एक एक पेला घ्यायचा आणि ती सांगेल त्याने गायचं. ती हसते, एका नटी पोरीला गायला लावते, ती पोर आधी वाढदिवसाचं काहीतरी ठरावीक सुरू करते, सगळे म्हणतात हे नको, मग ती स्वर्गाच्या दाराशी पडलेली फुलं झाडण्याचं गाणं गाते, आणि बाओयू ती पट्टी हातात उलटसुलट करत तीच ओळ पुटपुटत बसतो.

हा सीन चीनच्या सगळ्यात नावाजलेल्या कादंबरीतला आहे, 'हाँग लोउ मंग', म्हणजे लाल महालाचं स्वप्न, प्रकरण ६३. लेखक त्साओ शुएछिन, काळ अठराव्या शतकाचा मधला भाग. त्याच्या हयातीत ती छापलीच गेली नाही, ८० प्रकरणांच्या हस्तलिखितांच्या नकला हातोहात फिरायच्या, आणि १७९१ मध्ये पहिल्यांदा छापून आली तेव्हा ती १२० प्रकरणांची होती (शेवटची ४० कोणाची यावर आजही वाद आहे). पात्रं शेकड्याने आहेत पण आपल्याला सध्या तीन नावं पुरतात. बाओयू, जिया नावाच्या बड्या घराण्याचा वारस. लिन दायू, त्याची आत्येबहीण, आजारी, तल्लख, तोंडाने फटकळ, जिच्यावर त्याचा जीव आहे. आणि शुए बाओछाय, त्याची मावसबहीण, त्याच्याहून थोडी मोठी, गोरी, भरल्या अंगाची, सगळ्यांशी नीट वागणारी, जिच्याशी त्याचं लग्न व्हावं असं घरातल्या मोठ्यांना वाटतं.

आता त्या ओळीकडे. नुसती वाचली तर अर्थ सरळ आहे, मुलगी सुंदर आहे पण थंड आहे, आणि बहुतेक वाचक इथेच बाओछायवर शिक्का मारून पुढे जातात. पण त्या पट्टीवर अर्धीच जोडी छापलीय. आपल्याकडे कोणी नुसतं "अति शहाणा..." म्हणून थांबलं तर पुढचा बैल सांगावा लागतो का? तसंच त्या खोलीतल्या शिकलेल्या पोरींना, आणि लेखकाच्या काळातल्या वाचकाला, उरलेला अर्धा भाग आपोआप ऐकू येणार. ही ओळ लुओ यिन नावाच्या नवव्या शतकातल्या कवीच्या पिओनीवरच्या कवितेतली आहे आणि तिच्या आधीची ओळ अशी: हिला बोललेलं समजायला शिकवलं असतं तर हिने राज्य उलथवलं असतं.

म्हणजे बघा काय केलंय. पिओनीच्या सौंदर्याची ओळ पट्टीवर उघड आहे आणि तिच्या समजेची, तिच्या ताकदीची ओळ गाळलीय. ती खोटी नाही, खोडलेली नाही, फक्त दाखवलेली नाही, ज्याला माहीत आहे त्याने मनात पूर्ण करायची. आणि बाओछाय आख्ख्या कादंबरीत स्वतःच्या बुद्धीचं नेमकं हेच करत असते. माझ्या मते हे फूल तिला सुंदर म्हणून नाही दिलेलं, फूल देण्याची ही जी पद्धत आहे ना, तीच तिचं कॅरेक्टर आहे.

यात अजून एक खोच आहे. आठव्या शतकातला थांग सम्राट श्वानझोंग आपल्या लाडक्या यांग क्वेफेईला "बोललेलं समजणारं फूल" म्हणायचा अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या राजवटीत ७५५ साली असं बंड झालं की साम्राज्य पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही, त्याचं खापर लोकांनी त्या बाईवर फोडलं. म्हणजे समजणारं फूल ही त्या संस्कृतीत कौतुकाची गोष्ट आहे आणि धोक्याचीही. बाईला समजतंय हे दिसलं की संपलंच. बाओछायला हे पक्कं माहीत आहे.

तिला हे कुठून कळलं याचं उत्तर चौथ्या प्रकरणात दोन-चार वाक्यांत येऊन जातं आणि लक्ष नसलं तर निसटतं. तिचे वडील राजदरबाराला माल पुरवणारे बडे व्यापारी, त्यांनी पोरीला हौसेने शिकवलं आणि ती भावापेक्षा दहापट हुशार निघाली. भाऊ म्हणजे शुए फान, त्याच प्रकरणात एका मुलीवरून आपल्या नोकरांकरवी माणूस मारून मोकळा झालेला दिवटा. वडील गेले, भाऊ असा, आई एकटी, आणि मग या मुलीने पुस्तकं बाजूला ठेवली आणि शिवणटिपण, घरकाम हातात घेतलं, आईचा भार हलका व्हावा म्हणून. तिने अभ्यास सोडला असं वरवर दिसतं, पण जे वाचलंय ते डोक्यातून थोडंच जातं.

आठव्या प्रकरणात तिचं वर्णन येतं त्याचा मतलब असा की ती कमी बोलते, लोक म्हणतात हिने वेड पांघरलंय, आणि ती प्रसंग पाहून वागते, त्याला ती स्वतः म्हणते मी आपली साधी, मला कुठे काय जमतं. मराठीत आपण अशा माणसाला आतल्या गाठीची म्हणतो आणि त्यात थोडा संशय असतो. पण वेड पांघरून ही पेडगावला जाते कशासाठी ते बघायला हवं.

प्रकरण २२ बघा. बाओयूची थोरली बहीण युआनछुन ही सम्राटाची राणी आहे, ती राजवाड्यातून कंदिलावर लिहिलेलं एक कोडं पाठवते, सगळ्यांनी सोडवायचं. बाओछाय जवळ जाऊन वाचते, कोड्यात विशेष काही नाही, तरी तोंडाने वा वा करते, अवघड आहे हो म्हणते, विचारात पडल्यासारखं करते, आणि लेखक लगेच सांगून टाकतो की तिने बघताक्षणी ओळखलं होतं. बस्स, एवढंच. पुढे काही भाष्य नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हा क्षण कळेल, पाहुण्यांच्या जोकवर पहिल्यांदाच ऐकतोय असं हसणं हे सुद्धा एक कामच असतं. त्याच प्रकरणात तिचा १५ वा वाढदिवस येतो, आजी, म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई, विचारते की बाळ तुला खायला काय आवडतं, नाटक कोणतं लावू, आणि ही पोरगी म्हातारीला आवडणारे गोड मऊ पदार्थ आणि धांगडधिंग्याची नाटकं स्वतःची आवड म्हणून सांगते. आजी खूश. साखरपेरणी म्हणा हवं तर, पण यात कोणाचं नुकसान झालंय?

मला मात्र सगळ्यात भारी सीन वाटतो तो १८ व्या प्रकरणातला. युआनछुन माहेरी भेटीला येते, तिच्यासाठी प्रचंड बाग उभी केलेली असते, आणि ती भावाबहिणींना बागेवर कविता करायला बसवते. बाओयू घामाघूम. केळीच्या पानाचं वर्णन करताना तो "हिरवं जेड" असे शब्द वापरतो. बाओछाय सगळ्यांची नजर चुकवून त्याला ढोसते आणि म्हणते, अरे तिने मघाशी याच जागेच्या पाटीवरचे "हिरवं जेड" हे शब्द बदलून टाकले, म्हणजे तिला ते आवडत नाहीत, आणि तू परत तेच लिहितोस, मुद्दाम तिच्याशी वाद घालतोयस असं नाही का वाटणार? तो म्हणतो मला आता दुसरं काही आठवतच नाहीये. ती म्हणते, जेड काढ, मेण लिही. हिरवं मेण? असं कुठे कोणी लिहिलंय का? मग ती जीभ चुकचुकवत हसते की आज घरच्या घरात ही तऱ्हा तर उद्या दरबारातल्या परीक्षेत काय करशील, थांग काळातल्या एका कवीची केळीवरची ओळ विसरलास, पान म्हणजे धूर नसलेली थंड मेणबत्ती, त्यातलं हिरवं मेण! तो खूश होऊन म्हणतो आता तुला ताई नाही, गुरुजी म्हणायला पाहिजे. ती म्हणते कसली ताई, वर पिवळी वस्त्रं घालून बसलीय ती तुझी ताई, आणि तिथून सटकते, कारण जास्त वेळ बोलत थांबलं तर लोकांच्या लक्षात येईल.

या एका मिनिटात किती गोष्टी झाल्या ते मोजा. राणीने पाटीवरचे शब्द बदलले हे बाकीच्यांनीही बघितलं, पण त्यावरून तिची नावड ताडली फक्त हिने. पर्यायी शब्द तयार होता. त्या शब्दाला जुन्या कवितेचा आधार होता. आणि काम झाल्यावर श्रेय न घेता गायब. गंमत म्हणजे दायूही त्याच वेळी बाओयूला मदत करते, पण ती अख्खी कविता लिहून कागदाचा बोळा करून त्याच्याकडे फेकते, आणि ती कविता सगळ्यात उत्तम ठरते. एकीला आपली प्रतिभा कुठेतरी बाहेर पडायलाच हवी असते, दुसरी एक शब्द सरकवते आणि हात झटकून मोकळी होते.

आता फुलांकडे, कारण गंमत इथे सुरू होते. फुलांची राणी जिच्या वाट्याला आलीय त्या मुलीला फुलं आवडतच नाहीत. सातव्या प्रकरणात राजवाड्याच्या धर्तीची, रेशमी जाळीची १२ फुलं घरातल्या मुलींमध्ये वाटायला काढतात, बाओयूची आई म्हणते अगं बाओछायला ठेव ना, तर तिची आई म्हणते ती पोर विचित्र आहे, फुलंबिलं पावडरबिवडर तिला कधी आवडलीच नाही. फुलं वाटत वाटत शेवटची दोन दायूकडे पोचतात आणि ती ताडकन विचारते, मला एकटीलाच दिलीत की सगळ्यांना? आणि कळल्यावर म्हणते, वाटलंच मला, दुसऱ्यांनी निवडून उरल्याशिवाय माझ्याकडे काही येत नाही. एकीला फूल नकोच, दुसरीला फूल हवंय पण उरलेलं नकोय. दोघींच्या स्वभावाचा एक्सरे एका खोक्यात.

आणि याच प्रकरणात ती गोळी आहे. बाओछायला जन्मापासून अंगात एक प्रकारची उष्णता आहे, आईच्या पोटातूनच आलेली, त्याने खोकला-दमा उठतो, औषधं करून झाली, शेवटी एका टकल्या साधूने नुस्खा दिला. वसंतातल्या पांढऱ्या पिओनीचे पुंकेसर १२ ल्यांग, उन्हाळ्यातल्या पांढऱ्या कमळाचे १२, शरदातल्या पांढऱ्या फूरोंगचे (जास्वंदीच्या कुळातलं एक फूल) १२, हिवाळ्यातल्या पांढऱ्या प्लमचे १२. (तेव्हाचा एक ल्यांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक फुलाचे जवळजवळ साडेचारशे ग्रॅम केसर, नुसते केसर, किती फुलं तोडावी लागली असतील कल्पना करा.) मग त्यात पावसाच्या नावाच्या ठरावीक दिवशी पडलेला पाऊस, दवाच्या दिवशीचं दव, हिवाच्या दिवशीचं हिव आणि बर्फाच्या दिवशीचा बर्फ, सगळं मोजून १२ च्या मापात. मध आणि साखर घालून लाडवासारखं वळायचं, जुन्या चिनी मातीच्या बरणीत भरून झाडाच्या मुळाशी पुरायचं, आणि त्रास झाला की एक गोळी उकरून कडू सालीच्या काढ्याबरोबर घ्यायची. नाव, थंड सुगंधाची गोळी.

लोक या नुस्ख्याकडे चमत्कारिक तपशील म्हणून बघतात, पण नीट बघितलं तर यात सगळं सांगून टाकलंय. औषध लागतं याचा अर्थ आत आग आहे. थंड माणसाला थंडाव्याची गोळी कशाला लागेल? वर्षाचे चारही ऋतू आणि आभाळातून पडणारं जे जे म्हणून थंड ते सगळं गोळा करून ती आग दाबायची. आणि त्यातलं पहिलंच फूल पिओनी आहे, पण पांढरी, वाळवून कुटलेली. प्रकरण ६३ मध्ये फुलांची राणी म्हणून जी पट्टीवर येते तिची भुकटी करून बाओछाय लहानपणापासून गिळतेय. पुढच्याच प्रकरणात बाओयू तिच्याजवळ बसतो, त्याला छान वास येतो, विचारतो कपड्यांना कोणता धूप दिलायस, ती म्हणते मला नाही आवडत चांगल्या कपड्यांना धूर द्यायला, आठवून म्हणते सकाळी गोळी घेतली होती त्याचा असेल. म्हणजे जो सुगंध ती मुद्दाम लावत नाही तोच तिच्या अंगाला येतो, आणि तो येतो दाबण्याच्या औषधातून.

तिच्या राहत्या जागेचंही तेच. बागेत सगळ्यांना घरं मिळतात, बाओछायच्या अंगणात फुलाचं एक झाड नाही, नुसत्या सुगंधी वेली आणि वनस्पती, दगडांवर चढलेल्या. ४० व्या प्रकरणात आजी तिच्या खोलीत शिरते तर आत बर्फाची गुहा, शोभेची वस्तू म्हणून एक नाही, टेबलावर साध्या मातीकामाच्या फुलदाणीत शेवंतीच्या चार काड्या, दोन पुस्तकं आणि चहाचं सामान. आजीला ते अशुभ वाटतं, तरुण पोरीची खोली अशी असते का, म्हणून ती स्वतःच्या संग्रहातल्या वस्तू पाठवायला सांगते.

आणि ही फुलं न आवडणारी मुलगी फुलावर कविता करायला बसली की पहिली येते. ३७ व्या प्रकरणात पोरी मिळून कवितेचं मंडळ काढतात, पहिला विषय पांढऱ्या बेगोनियाच्या दोन कुंड्या. बाओछायची पहिलीच ओळ काय, तर रूप जपायचं म्हणून भर दिवसा दार लावून घेतलंय. आणि पुढे, अगदी फिकं झालं की मगच कळतं फूल किती देखणं आहे. दायूची कविता जास्त चमकदार आहे हे सगळ्यांना मान्य, पण परीक्षक असलेली बाओयूची वहिनी निकाल बाओछायच्या बाजूने देते, कारण तिच्यात राखून बोलण्याचं वजन आहे. मला विचाराल तर फिकं असण्यावरची ती ओळ म्हणजे तिने लिहून दिलेला कबुलीजबाबच आहे, मी फिकी दिसते ती मी फिकी नाही म्हणून.

बरं, हे सगळं ऐकून ती संत वाटायला लागली असेल तर २७ वं प्रकरण वाचा. फुलांच्या देवतेला निरोप देण्याचा दिवस, सगळ्या मुली बागेत. बाओछाय दायूला बोलवायला निघालेली असते, वाटेत पंख्याएवढी दोन फुलपाखरं दिसतात, ती हातपंखा घेऊन त्यांच्यामागे धावते, घामाने भिजते, आणि अख्ख्या पुस्तकात तिला इतकं मोकळं आपण क्वचितच बघतो. धावत धावत तळ्यातल्या एका मंडपापाशी येते, आत दोन दासी एका परपुरुषाच्या हातरुमालावरून कुजबुजतायत. तिला कळतं की आता खिडकी उघडणार, आपण दिसणार, यातली एक दासी महा चालू आहे, आपल्याला कळलंय हे समजलं तर डूख धरेल. पळायला वेळ नाही. मग ती मुद्दाम जोरात पाय आपटते आणि हसत ओरडते, दायू, बघू कुठे लपतेस! आणि दासींनाच विचारते, तुम्ही लपवलंय का तिला, आत्ता इथे पाण्याशी बसली होती. दासी हादरतात, दायूने सगळं ऐकलं म्हणून. बाओछाय मनात हसत निघून जाते.

फुलपाखरांमागे धावणारी पोर पापणी लवते न लवते तोच डावपेच खेळणारी बाई होते, तेच प्रकरण आणि तीच सकाळ, आणि प्रकरणाच्या शेवटी बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात दायू गळून पडलेली फुलं गोळा करून मातीत पुरतेय आणि रडत गातेय. बाओछायने दायूला मुद्दाम अडकवलं की पहिलं तोंडात आलं ते नाव घेतलं, कारण ती खरंच तिलाच शोधत होती? यावर चिनी वाचक दोनशे वर्षं भांडतायत. एकोणिसाव्या शतकातल्या एका लेखकाने लिहून ठेवलंय की दायू भारी की बाओछाय यावरून त्याचं आणि मित्राचं इतकं वाजलं की गुद्दागुद्दीची वेळ आली, शेवटी दोघांनी ठरवलं की एकमेकांशी या कादंबरीवर बोलायचंच नाही. माझं मत, मुद्दाम नव्हतं, पण त्याचा दायूला ताप होऊ शकतो हा विचार तिच्या मनाला शिवला नाही, आणि ते जास्त वाईट. तसंच ३२ व्या प्रकरणात एक दासी विहिरीत जीव देते आणि बाओछाय मालकिणीची समजूत घालते की पाय घसरून पडली असेल, मुद्दाम केलं असेल तर मूर्खच म्हणायची, आणि वर अंत्यविधीसाठी स्वतःचे नवे कपडे देऊ करते. मदत खरी आहे, व्यवहार चोख आहे, पण अंगावर काटा येतो.

मूठ उघडते एकदाच, ३० व्या प्रकरणात. बाओयू बोलता बोलता म्हणून जातो की तुला लोक यांग क्वेफेईची उपमा देतात त्यात काय नवल, तूही तशी भरल्या अंगाची आणि तुलाही उकाडा सोसत नाही. वर सांगितलेलं तेच समजणारं फूल! बाओछाय लाल होते, थंडपणे हसून म्हणते, मी असेन हो तशी, पण त्या बाईसारखा सत्तेत बसलेला भाऊ कुठे आहे मला? मग एका दासीवर डाफरते, आणि मागाहून एका नाटकाच्या नावावरून बाओयू-दायू दोघांना असा टोला हाणते की दोघं कानापर्यंत लाल. म्हणजे मनात आणलं तर दायूपेक्षा धारदार बोलता येतं हिला, रोज येतं, रोज गिळते.

आणि ही बुद्धी उघडपणे वापरायला मिळाली तर काय होतं ते ५६ व्या प्रकरणात दिसतं. घरची कारभारीण आजारी, घराण्याचा खर्च आवाक्याबाहेर, तेव्हा बाओयूची सावत्र बहीण थानछुन, वहिनी आणि बाओछाय तिघींना कारभार बघायला बसवतात. थानछुनची आयडिया अशी की बागेचे तुकडे म्हाताऱ्या नोकरणींना वाटून द्यायचे, त्यांनी पिकवावं, विकावं, माळ्यांचा वगैरे खर्च वाचेल, वर्षाला ४०० ल्यांग चांदी. वहिनी म्हणते बाओयूच्या अंगणातले नुसते गुलाब बघा किती होतात, कुंपणावरची फुलं वाळवून चहाच्या आणि औषधांच्या दुकानात गेली तरी पैसे. बघा, इतका वेळ ज्या बागेत कविता होत होत्या तिथल्या फुलांना भाव लागला.

बाओछायच्या अंगणातल्या सुगंधी वनस्पतींचा विषय निघतो, कोणीतरी सुचवतं की तिच्या दासीच्या आईला यातलं कळतं, तिला द्या. बाओछाय ताबडतोब नाही म्हणते. माझ्या माणसाला दिलं तर लोक मला नावं ठेवतील. मग म्हणते, बाओयूच्या पोऱ्याच्या आईला द्या, ती प्रामाणिक बाई आहे, आणि तिची माझ्या दासीच्या आईशी घट्ट मैत्री आहे, तिला नाही जमलं तर ती हिलाच विचारेल, हिच्यावर सोपवून दिलं तरी तो त्यांचा आपसातला मामला, बोल आपल्यावर नाही. काम योग्य हातात गेलं आणि नाव कोणाचंच नाही. वर अजून एक पाचर, ज्यांना जमीन मिळाली नाही त्या बाकीच्या नोकरणींनाही वर्षाकाठी थोडे पैसे द्या, नाहीतर त्या जळतील आणि रात्री तुमचीच फुलं-फळं ओरबाडतील. थानछुनला हिशोब कळतो, बाओछायला माणसं कळतात. एमबीएवाल्यांनी हे प्रकरण वाचावं असं मी गमतीने म्हणत नाहीये.

आता परत पट्ट्यांकडे, कारण एकदा ही गाळलेल्या ओळीची चावी हातात आली की बाकीची कुलुपंही उघडतात. दायूला निघतं फूरोंग, जास्वंदीच्या कुळातलं, शरदात फुलणारं फूल (काही जण याला कमळ मानतात, पण गोळीच्या नुस्ख्यात कमळ आणि फूरोंग वेगवेगळे आहेत, म्हणून मी जास्वंदीच्या बाजूने). तिची ओळ, पूर्वेच्या वाऱ्याला दोष देऊ नकोस, स्वतःसाठीच उसासा टाक. गाळलेली ओळ, सुंदर बायांचं आयुष्य बहुतेक फाटकंच असतं. एका दासीला निघतं ते फूल ज्याच्यानंतर वसंतात काही फुलतच नाही, बाओयू ते वाचून कपाळाला आठी घालतो आणि पट्टी लपवतो. म्हणजे त्याला तेवढी एक कळली, बाकीच्यांवर त्याने मजेत पेले रिचवले.

पण सगळ्यात भयानक आहे ती लुओ यिनच्या कवितेची उरलेली बाजू. पुढे एका ओळीत कवी विचारतो, या पिओनीच्या सुगंधापुढे फूरोंगने कुठे जाऊन लपायचं? योगायोग म्हणायला माझं तरी मन धजत नाही. आणि शेवटच्या दोन ओळींत एक हान नावाचा सेनापती येतो. त्याची गोष्ट अशी की कामगिरी फत्ते करून तो राजधानीतल्या घरी आला, अंगणात पिओनी बघितल्या आणि हे बायकी चाळे मला कशाला म्हणत सगळ्या छाटून टाकायला लावल्या. कवी म्हणतो, एवढा बहर, आणि आयुष्य वाया गेलं. आता बाओछायचं पुढे काय होतं? १२० प्रकरणांच्या प्रतीत बाओयूला तू दायूशी लग्न करतोयस असं भासवून बाओछायशी लग्न लावतात, दायू त्याच वेळी मरते, आणि नंतर बाओयू सरकारी परीक्षा देऊन, म्हणजे घराण्याची कामगिरी फत्ते करून, बायकोला सोडून साधू होतो. पट्टीवर फक्त कौतुक छापलंय आणि निकाल तीन ओळी पुढे लिहून ठेवलाय.

त्या लबाडीच्या लग्नात बाओछायचा हात होता का, यावर लोक तावातावाने बोलतात. त्या प्रतीतही बेत मोठ्या बायकांचा आहे, बाओछायला आईकडून कळतं, ती मान खाली घालून ऐकते आणि नंतर रडते, एवढंच. ज्या मुलीने ७४ व्या प्रकरणात बागेवर रात्रीची झडती पडल्यावर, स्वतःचं अंगण पाहुण्यांचं म्हणून वगळलेलं असूनही, दुसऱ्याच दिवशी आईची तब्येत हे कारण पुढे करून मुक्काम हलवला, कोणाला दोष नाही, कुठे आवाज नाही, तिला वारा कुठे वळतोय ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. बागेतून ती निघू शकली, लग्नातून निघायची सोय त्या काळात कोणत्याच बाईला नव्हती, कितीही डोकं असलं तरी.

वाचायची असेल तर इंग्रजीतला डेव्हिड हॉक्सचा पेंग्विनचा अनुवाद पाच खंडांचा आहे, शेवटचे दोन जॉन मिनफर्डने केलेत. दासींची नावं त्यात इंग्रजी केलीत त्याचा सुरुवातीला वैताग येतो पण नंतर तीच सोय वाटते. फक्त बाओछायसाठी वाचायचं तर पहिल्या खंडातली ७, ८, १८ आणि २२ ही प्रकरणं, मग दुसऱ्यातली २७, ३०, ३७, मग तिसऱ्यातली ५६ आणि ६३. नावांचा गोंधळ होणारच, एक वंशावळ शेजारी ठेवा. शेवटची ४० प्रकरणं ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वाचावी.